पावसाच्या फायलींतील गांवांचीं नांवें

आमच्या वाचकांपैकीं कित्येक तरुण आतां पर्जन्यमानाचे आंकडे संगणकावर मांडूं लागले आहेत. हे आंकडे पुष्कळदां नेटसीडीएफ पद्धतीच्या फायलींत येतात. ही पद्धति अमेरिकेंत, कोलोराडोंतील बोल्डर येथील युनिडाटा या संस्थेनें तयार केली. भारतीय हवामानशास्त्र विभागही आपले जाळीवार पर्जन्याचे आंकडे या रूपांत देतो. त्यांत स्थळाची ओळख अक्षांश-रेखांशांवरून पटते. केंद्रवार फायलींत मात्र ओळख बहुधा नांवावरूनच पटवावी लागते, आणि अडचण तेथेंच आहे.

जुन्या नेटसीडीएफमध्यें अखंड शब्दासाठीं निराळा प्रकारच नव्हता. तो २००८ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला. जुन्या धाटणीच्या फायली अद्याप प्रचारांत आहेत. त्यांत नांव कप्प्याकप्प्यांनीं ठेवितात, व प्रत्येक केंद्रास सारखेच कप्पे मिळतात, समजा, २०. रोमन लिपींत बारामती लिहिल्यास ८ कप्पे भरतात, आणि उरलेल्या १२ कप्प्यांत शून्य-बाइट वा कोरी जागा राहते. देवनागरींत, यूटीएफ-८ प्रमाणें, काना-वेलांटीसुद्धां प्रत्येक चिन्हास ३ कप्पे लागतात. म्हणजे बारामतीस २१! एक कप्पा कमी पडतो, शेवटची वेलांटी तुटते, आणि पायथॉन तें नांव उलगडतांना अडून बसतो. हें अडणें बरेंच म्हणावयाचें, कारण दोष निदान दिसतो.

खरा धोका न दिसणाऱ्या दोषाचा. कप्पे जोडून मिळालेलें नांव पुष्कळदां बाइट-रूप असतें. बाइट-रूप नांव व शब्दरूप नांव डोळ्यांस एकच वाटलीं तरी पायथॉन तीं कधींच समान मानीत नाहीं, आणि तक्रारही करीत नाहीं. मागें एखादी कोरी जागा राहिली तरी परिणाम तोच. यादीशीं जुळणी करतांना तें केंद्र मुकाट्यानें गळतें, व सरासरी त्यावांचून निघते. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. त्या नोंदी स्वतः पडताळूं पाहणाऱ्या बागाईतदारास अशानें भलतेंच उत्तर मिळेल.

यासाठीं प्रथम एनसीडंप या साधनानें फायलीचा मथळा पाहून नांवास किती कप्पे आहेत तें समजून घ्यावें. मग पायथॉनच्या नेटसीडीएफ४ संचांतील चारटूस्ट्रिंग या क्रियेनें कप्पे जोडावेत, नांव बाइट-रूप असल्यास डीकोड करावें, व स्ट्रिपनें कोरी जागा छाटावी. शून्य-बाइट मात्र स्पष्ट सांगितल्यावांचून स्ट्रिप काढीत नाहीं. शेवटीं न जुळलेल्या नांवांची यादी छापून पाहावी. ती रिकामी येईपर्यंत सरासरीस हात लावूं नये.