जिभेच्या आधी मनाची गाठ

बुलढाण्याहून खामगावचे तिकीट मागणे ही कुणाला फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण अडखळत बोलणाऱ्या तरुणासाठी कंडक्टर जवळ येणे हीच परीक्षा असते. 'खा' घशातच अडतो, आजूबाजूचे हसतात. पुढच्या वेळी तो सुटे पैसे मोजून देतो आणि गावाचे नाव मोबाईलवर दाखवतो. तिकीट मिळते, पण भीती वाढते. मग मुलाखत टळते, फोन टळतो. भर मजलिसीत 'कबूल है' म्हणावे लागेल, या धास्तीने निकाहचा विषयही टळतो.

उर्दूत याला 'लुकनत' म्हणतात, मराठीत तोतरेपणा. तो बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो. बहुतेक मुले त्यातून आपोआप बाहेर पडतात; प्रौढांमध्ये साधारण 1 टक्का लोकांत तो टिकून राहतो. याचा बुद्धीशी संबंध नाही. आनुवंशिकता आणि मेंदूकडून होणारे उच्चाराचे नियंत्रण ही त्याची मुख्य कारणे. सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा लयीत वाचताना हा अडथळा बराच कमी होतो. म्हणूनच मकतबमध्ये सगळ्यांसोबत सुरेख पठण करणारा मुलगा स्वतःचे नाव सांगताना अडतो. लोकांना ते नाटक वाटते. ते नाटक नसते.

पवित्र कुरआनमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची कथा याच वेदनेला स्पर्श करते. फिरऔनसारख्या जुलमी बादशहासमोर बोलायची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी आपली अडचण लपवली नाही. सूरह शुअरामध्ये ते आधी भीती सांगतात, मग छाती दाटून येते हे सांगतात आणि त्यानंतर जीभ चालत नाही हे. सूरह ताहामधल्या दुआचा क्रमही तसाच आहे. प्रथम मन मोकळे होण्याची मागणी, मग काम सोपे होण्याची आणि शेवटी जिभेची गाठ सुटण्याची. तीही लोकांना आपले म्हणणे समजावे एवढ्यापुरतीच. सोबतीला त्यांनी भाऊ हारून (अलैहिस्सलाम) यांना मागून घेतले. पुढे फिरऔनने त्यांच्या बोलण्यावरून टोमणाही मारला, तरी त्यांचे काम थांबले नाही.

कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य आहे, अशी हदीस हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. रमजानमध्ये तिलावत करताना अडणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगायला हवे.

उपचारही आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा व श्रवण क्षेत्रात काम करते. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट तोतरेपणा लपवण्याऐवजी स्वीकारायला शिकवतात. 'मी अडखळतो, थोडा वेळ द्या' एवढे आधीच सांगून टाकले की लपवण्याचे ओझे उतरते. लहान लहान प्रसंगांत टाळणे सोडत गेले की भीतीची पकड सैल होते; अडखळणे पूर्ण थांबलेच पाहिजे असे नाही.

उरलेली जबाबदारी ऐकणाऱ्यांची. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, 'सावकाश बोल' असे बजावू नये, 'हकला' अशी हाक तर मुळीच मारू नये. इफ्तारच्या दस्तरखानावर त्यालाही काही सांगायचे असेल, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे. रोजा सब्र शिकवतो, तो इथेही कामी यावा.