गोठा पाडू नका, दुरुस्त करा

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत जवळ आले की उसाचे फड आणि गुऱ्हाळांची धुराडी दिसू लागतात. दौंड तालुक्यातले कासुर्डी गाव याच पट्ट्यातले. मुठा उजव्या कालव्याचे पाणी आले तसा ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस शिरला. पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, संकरित गाईंसाठी मुक्तसंचार गोठे झाले आणि जुने दगडमातीचे गोठे रिकामे पडले.

या भागातले असे गोठे मी वर्षानुवर्षे हिंडून पाहत आलो आहे. आत गेलो की माझी नजर आधी वर जाते, माळवदाकडे. मुळशी-वेल्ह्याच्या धो धो पावसात उतरतेच छप्पर हवे. इकडे पर्जन्यछायेत मातीचे सपाट छत शोभते आणि टिकतेही. खांबांवर तुळया, त्यांवर किलचांची आडवी दाटी, मग तुराट्या किंवा पाला, चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर गावठाणातली पांढरी माती. चोपून बसवलेली ही माती पाणी चटकन आत घेत नाही. दिलेल्या उताराने ते पन्हाळीतून निघून जाते. एप्रिलच्या उन्हात पत्र्याची शेड तापते तेव्हा असल्या छताखाली दुपारची झोप लागते. मात्र दर उन्हाळ्यात वर चढून नवी माती टाकावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते. दोन-तीन पावसाळे हे चुकले की माळवद गळू लागते, आणि मग घरातलेच कोणीतरी पाडण्याची भाषा काढते.

खरा रोग बहुतेक वेळा तुळईच्या टोकाला असतो. भिंतीत गेलेले टोक ओल धरते, वाळवी तिथूनच लागते. मधले लाकूड ठणठणीत असते. एका म्हाताऱ्या सुताराने मला तुळईवर हातोडीने ठोकून आवाज ऐकवला होता. “बद्द वाजतंय तेवढंच काढायचं, दादा. बाकीची अजून तुमच्या नातवाला पुरंल.” कुजका भाग कापून तिथे जुन्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यायचा. १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये जुन्या वास्तू जपणारी संस्था काढली, तिचा आग्रह हाच होता: दुरुस्ती करा, जुन्याच्या नावाखाली नवे उभारू नका. ग्रेट कॉक्सवेलचे मध्ययुगीन धान्यकोठार त्यांना अतिशय प्रिय होते, आणि ते आजही उभे आहे.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये, याबद्दल मी हट्टी आहे. ओल आत कोंडते आणि गिलाव्यामागची माती भुसभुशीत होते. विरवलेला चुना ओल बाहेर जाऊ देतो. जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत; गुळाला तर दौंडमध्ये तोटा नाही.

गोठ्याची जमीन हा आणखी एक वेगळाच विषय. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या गोमूत्राने तिच्यात क्षार साठतात. अशाच मातीतून पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. हे क्षार भिंतीत चढले की कोणताही गिलावा फुगून सुटतो. म्हणून फूटभर माती खणून काढावी, मुरूम भरून चोपावा आणि मगच शहाबादी फरशी घालावी. काढलेली माती उकिरड्यावर टाकू नये. ती शेताला चांगली.

मग या गोठ्याचे करायचे काय? बियाण्यांची खोली, मुलांची अभ्यासिका, पाहुण्यांचे जेवणघर. शेजारच्या शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली कृषी पर्यटनावर नावारूपाला आली, आणि राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. गव्हाण फोडू नये. तिच्यावर फळी टाकली की बसायला उत्तम जागा होते. धान्य साठवायच्या बळदात पुस्तके ठेवता येतात. न्हाणीघर आणि संडास बाहेर वेगळे बांधावेत, मातीच्या भिंतीला नळ चिकटवू नयेत.

तुमच्या मळ्यात असा गोठा असेल तर जेसीबी बोलावण्याआधी, पावसाळ्याच्या अगोदर, माळवदाची माती ओळखणारे एखादे जाणते माणूस गावातून शोधा आणि त्याला सोबत घेऊन वर चढा.