आकड्यावर विश्वास कधी ठेवावा?

दातिवऱ्यासारख्या समुद्रकाठच्या गावात हवा स्वच्छच असणार, असे आपण धरून चालतो. पण पावसाळ्यात खिडक्या लावून झोपलो, की खोलीत आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो. तो मोजणारी छोटी यंत्रे हौशी मंडळी घरीच जोडतात. ‘यंत्र भलतेच आकडे दाखवते’ ही त्यांची तक्रार मी नेहमी ऐकतो.

आधी पाहावे, की सेन्सर नेमके काय मोजतो. चांगला सेन्सर अवरक्त किरण वापरतो. सुमारे ४.२६ मायक्रॉन लांबीच्या लहरी हा वायू शोषून घेतो, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. एमक्यू-१३५ सारखा स्वस्त सेन्सर मात्र इतर वायूंनी आणि वाफांनीही चाळवतो. उदबत्ती लावली तरी आकडा चढतो. असा सेन्सर दुरुस्त करत बसू नये, बदलावा.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. काही सेन्सर आपले आपणच जुळवून घेतात. काही दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची मोकळी हवा, दहा लाख भागांत ४०० भाग, असे ते मानतात. खोली कधी उघडलीच नाही, तर कोंदट हवेलाच ते ताजी समजतात. म्हणजे जिथे इशारा हवा, तिथेच यंत्र ‘सारे ठीक’ म्हणते! अशा खोलीत ही सोय बंद करावी.

मग जुळवणी हाताने करावी. वाडीत पहाटे करू नये. रात्री झाडेही हा वायू सोडतात आणि वारा पडलेला असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला, की मोकळ्यावर सावलीत, पण खाऱ्या तुषारांपासून दूर, यंत्र वीसेक मिनिटे ठेवावे. आज बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० च्या थोडे वर आहे; १९५८ साली हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. यंत्रावर वाकू नये, कारण उच्छ्वासात हा वायू सुमारे चार टक्के, म्हणजे चाळीस हजार भाग असतो.

तरीही आकडे उड्या मारत असतील, तर वीजपुरवठा पुरेसा आहे का आणि आत दव धरले आहे का, ते पाहावे.

एक गोष्ट विसरू नका. कोळशाच्या शेगडीतून निघणारा जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड हे यंत्र ओळखत नाही. आकडा कितीही कमी दिसला, तरी बंद खोलीत शेगडी पेटवू नये.