संगणक जागा होताना

संगणकाचे बटण दाबले, की पडद्यावर लगेच काम सुरू करता येत नाही. थोडा वेळ थांबावेच लागते. एका सेकंदात अब्जावधी क्रिया करणाऱ्या या यंत्राला जागे व्हायला इतका वेळ का लागावा? आणि तो कमी कसा करता येईल?

बटण दाबल्यावर प्रथम एका चिपमध्ये कायमचा साठवलेला छोटा प्रोग्रॅम चालू होतो. तो संगणकाची जुजबी तपासणी करतो आणि डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, स्मृतीत आणण्याची व्यवस्था करतो. मग कार्यप्रणाली कळफलक, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा एकेका भागाला हाक मारते. तो ‘हजर’ म्हणाला, की त्याला कामासाठी सज्ज करते. वर्गातल्या हजेरीसारखाच हा प्रकार! पण काही भागांचे उत्तर फार उशिरा येते.

हा उशीर दोन प्रकारचा असतो. पहिला निसर्गनियमांमुळे होणारा. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. स्थिर तबकड्यांना हा वेग यायचा, तर मोटरने त्यांना तेवढी गतिज ऊर्जा पुरवली पाहिजे. मोटरची शक्ती मर्यादित असल्याने त्याला काही सेकंद लागतात. शिवाय सुरुवातीला मोटर नेहमीपेक्षा जास्त विद्युत्प्रवाह घेते. पाण्याचा पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तो याच कारणाने. म्हणून पुष्कळ डिस्क असलेल्या मोठ्या संगणकांत त्या बऱ्याचदा एकदम न फिरवता एकामागून एक फिरवतात.

यूएसबीचेही तसेच. खाचेत जोडणी बसताना धातूचे संपर्क क्षणभर जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. म्हणून जोडणी १०० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच पुढे जावे, असा यूएसबीच्या मानकाचा नियम आहे. आपल्याला हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३० कोटी ठोके पडून जातात.

दुसऱ्या प्रकारचा उशीर मात्र मांडणीचा असतो. डिस्क फिरू लागेपर्यंत प्रोसेसर नुसताच वाट पाहत बसला, तर तो दोष निसर्गाचा नव्हे. प्रयोगशाळेत वाफेचा अप्रकट उष्मा काढताना आपण काय करतो? आधी पाणी उकळायला ठेवतो आणि ते उकळेपर्यंत कॅलरीमापीचे वजन करून घेतो. पाणी लवकर उकळत नाही, पण प्रयोग मात्र लवकर संपतो. संगणकातही हीच युक्ती चालते. डिस्कला हाक मारायची आणि ती उत्तर देईपर्यंत नेटवर्क कार्डाकडे वळायचे.

सन २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या एका लिनक्स परिषदेत आर्यन व्हॅन डी वेन आणि आउके कोक या इंटेलच्या अभियंत्यांनी एक छोटा संगणक अवघ्या ५ सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी आधी वेळेचे अंदाजपत्रकच ठरवले होते. त्यात कार्यप्रणालीच्या गाभ्याला केवळ १ सेकंद होता. कोणता भाग किती वेळ खातो हे मोजून त्यांनी एकेक अडथळा दूर केला. मार्च २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत अशी कामे समांतर करण्याची सोय आली.

पण यात एक धोकाही आहे. दोन डिस्कना एकाच वेळी हाक मारली, तर आज एक आधी उत्तर देईल, उद्या दुसरी. त्यांचे क्रमांक त्याप्रमाणे बदलू लागले, तर भलत्याच डिस्कवरील माहिती पुसली जायची! म्हणून त्या सोयीत प्रत्येक कामाला टोकन देण्याची योजना आहे. शोध घ्यायचा समांतर, पण नावे नोंदवायची टोकनच्या क्रमानेच.

ही सारी धडपड केवळ आपला कंटाळा वाचवण्यासाठी नाही. मोटारीच्या मागे काय आहे हे दाखवणारा कॅमेराही छोट्या संगणकावरच चालतो. मोटार मागे येत असताना पाठीमागे एखादे लहान मूल असेल, तर? अमेरिकेतील नियमाप्रमाणे मागे जाण्याचा गिअर टाकल्यावर २ सेकंदांच्या आत चित्र दिसलेच पाहिजे. मे २०१८ पासून तेथील सर्व नव्या मोटारींना तो पूर्णपणे लागू झाला. मोटार नुकतीच सुरू केली असली, तरी चित्र वेळेत हवे. मग अशा यंत्रात प्रथम कॅमेरा व पडदा जागे करायचे आणि गाण्यांची व्यवस्था मागे ठेवायची, हेच शहाणपणाचे.

आता एक गणित सोडवा. समजा, डिस्क सज्ज व्हायला ४ सेकंद लागतात. त्यानंतरच होऊ शकणाऱ्या फायलींच्या तपासणीला १ सेकंद, नेटवर्क कार्डाला २ सेकंद आणि कळफलकाला अर्धा सेकंद लागतो. सगळे एकामागून एक केले, तर साडेसात सेकंद होतात. समांतर केले, तर किती? आणि नेटवर्क कार्डाचा वेळ २ वरून १ सेकंदावर आणला, तर आणखी किती वेळ वाचेल?

पहिले उत्तर ५ सेकंद. दुसरे उत्तर शून्य! असे का, याचा विचार करा. म्हणजे सर्वांत लांब साखळी आधी का शोधायची, ते आपोआप कळेल.