शरदातील खाडी आणि गरी : काही गैरसमज

पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पाण्यावर तळपू लागले, की देवबागला समुद्रास मिळणाऱ्या कर्लीच्या काठी, कालावलच्या खाडीत आणि पार गोव्याच्या सरहद्दीवरील तेरेखोलपर्यंत गरी घेऊन बसणाऱ्यांची संख्या वाढू लागते, आणि त्यांच्यासोबत ऐकीव सिद्धान्तांचेही पेव फुटते. त्यांपैकी काहींची छाननी करणे येथे योजिले आहे.

पहिला गैरसमज परदेशी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून आलेला : शरद ऋतूत पाणी गार होते आणि म्हणून मासा चाऱ्यावर येतो. उत्तर अमेरिकेतील नद्यांत ट्राउट, आणि समुद्रात जाऊन परतणारा त्याचाच स्टीलहेड हा प्रकार, यांच्याविषयी हे विधान यथार्थ आहे. कारण त्या माशांना साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि २५ अंशांच्या पुढे त्यांचा जीव धोक्यात येतो. कोकणात मात्र मेघांचे आच्छादन सरताच ऑक्टोबरचा उष्मा सुरू होतो. येथील शरदाचे नियमन तापमानाकडे नसून क्षारतेकडे आहे : पावसाळ्यात पुराच्या लोंढ्याने जवळजवळ गोडी झालेली खाडी मुखाकडून हळूहळू पुन्हा खारी होत जाते, आणि खारे पाणी जड असल्यामुळे ते तळातून आत सरकते. वरचे पाणी चाखून गोडे लागले, म्हणून तळाशी चोणक वा तांबोशी नसेलच असे अनुमान काढणे त्यामुळे धाडसाचे ठरते.

दुसरा गैरसमज असा, की भरती पूर्ण झाली की गरीला मासा लागलाच पाहिजे. वस्तुतः पूर्ण भरतीला पाणी क्षणभर स्तब्ध होते, आणि माशाला भक्ष्य आयते आणून देतो तो प्रवाह. ओहोटी लागून कांदळवनातील लहान व्हाळांचे पाणी उतरू लागते, तेव्हा त्यासोबत सुंगटे आणि बारीक मासळी बाहेर पडते. व्हाळांच्या मुखाशी दबा धरणे चोणकाला सोयीचे जाते. शिवाय दिनदर्शिकेतील भरतीची वेळ बंदराची असते. खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा येते, आणि रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाविषयीही असाच सरसकट हुकूम सोडला जातो. परंतु अरुंद मुखाशी उधाणाच्या ओढीत शिसे तळाला टिकत नाही आणि गाळ ढवळून पाणी गढूळ होते, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला ओढ मंदावून पाणी निवळते.

तिसरा गैरसमज चोणकाच्या कुळाचा : तो समुद्राचा मासा असून चुकून खाडीत शिरतो, असे पुष्कळांना वाटते. स्टीलहेड अंडी घालण्यास नदीत चढतो; चोणकाची वहिवाट याच्या नेमकी उलट आहे. तो वाढतो नदी-खाडीच्या गोड्या-मचूळ पाण्यात आणि प्रजननासाठी उतरतो मुखाच्या खाऱ्या पाण्याकडे. त्याहून विलक्षण गोष्ट ही, की चोणक बहुधा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे काही वर्षांनी मादी बनतो. सर्वांत मोठा चोणक पकडून छायाचित्र काढणारा गृहस्थ, अशा प्रकारे, बहुतेक वेळा अंड्यांनी समृद्ध होऊ शकणारी मादीच खाडीतून उणी करीत असतो.

चौथा गैरसमज कायद्यासंबंधी : १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांच्या बंदीची ६१ दिवसांची मुदत संपली आणि नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण झाला, की सर्व निर्बंध उठले, अशी अनेकांची समजूत आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली घोषित झालेल्या, २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याचे निर्बंध त्या मुदतीशी बांधलेले नाहीत. ते बारमाही आहेत. सुरुंग लावून वा पाण्यात विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा ठरलेले आहे.

तेव्हा शरदात गरी टाकण्यापूर्वी पंचांगाइतकेच पाणी वाचावे : त्याचा खारेपणा, त्याचा निवळपणा, त्याची ओढ. आणि लहान पिल्लू अथवा अवाढव्य चोणक गरीला लागला, तर हात ओले करून तो अलगद पाण्यात सोडून द्यावा. पुढच्या शरदाची तजवीज आज खाडीत राहिलेल्या माशांवरच अवलंबून आहे.