उतारवयातील प्रवास

उतारवयात प्रवासाची कारणे बदलतात. तरुणपणी माणूस नोकरीसाठी, लग्नकार्यासाठी, हौसेसाठी गाडीत बसतो. साठीनंतर तो बहुधा आजारी बहिणीला पाहण्यासाठी किंवा बालमित्राच्या दहाव्यासाठी निघतो. जोडीदार गेल्यावर दोन तिकिटांचे एक होते. खिडकीजवळची जागा मिळाली, तरी ते सांगायला शेजारी कोणी नसते.

अशा वेळी घराबाहेर पडणे ही चैन नव्हे. राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य केला, हे उचितच झाले. परंतु दूर, परप्रांतात दिलेल्या लेकीकडे जायचे तर रेल्वेच हवी. तेथे ज्येष्ठ पुरुषांना ४० व स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सवलत करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये बंद झाली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत भरून धावू लागल्या. सवलत मात्र त्यांच्याबरोबर परतली नाही.

सवलतीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडता येतो. न झालेल्या भेटी कोणत्या खात्यावर मांडायच्या? पिकल्या पानांच्या बाबतीत ‘पुढच्या खेपेस भेटू’ हा वायदा फार कच्चा असतो.