सोळा मिलिसेकंद आणि स्टुडिओप्रमुखाची खुर्ची

व्हिडिओ गेम कंपनीच्या प्रमुखाची कारकीर्द एरवी त्याच्या नावावर जमा झालेल्या खेळांवरून मोजली जाते. हैदराबादेत मात्र ती समजून घेण्यासाठी टेस्टरच्या टेबलापासून सुरुवात करणे इष्ट ठरते, कारण माधापूर-गच्चीबावलीच्या पट्ट्यात हा धंदा प्रामुख्याने खेळांची तपासणी, चालू खेळांची निगा आणि पोर्टिंग, म्हणजे एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालवून देणे, या कामांवर उभा राहिला.

टेस्टर खेळत नाही, तो खेळ बिघडवून पाहतो. एकाच भिंतीच्या एकाच कोपऱ्यावर तो पात्राला पुन्हा पुन्हा आदळवतो, पात्र भिंतीत रुतले की त्याची नोंद करतो आणि चार्जरच्या वायरींच्या गुंत्यातून दुसरा, आधीच तापलेला फोन उचलून तोच कोपरा पुन्हा गाठतो. या खोल्यांत सतत कानावर पडणारा आकडा म्हणजे सोळा मिलिसेकंद: सेकंदाला 60 चित्रे दाखवायची असतील तर एका चित्राच्या वाट्याला साधारण एवढाच वेळ येतो, आणि तो ओलांडला की पडदा अडखळतो. स्वस्त फोनवर सोळा मिलिसेकंद सांभाळणे हे चिवट कौशल्य आहे, परंतु खेळाच्या श्रेयनामावलीत त्याला फार वरची जागा मिळत नाही.

तपासणी आणि निर्मिती ही दोन्ही कामे ज्यांच्या कारकिर्दीत एकत्र आली, असे या शहरातील उदाहरण शशी रेड्डी यांचे. 2001 साली त्यांनी स्थापन केलेली अ‍ॅपलॅब्स ही सॉफ्टवेअर-तपासणी कंपनी 2011 साली सीएससी या अमेरिकी कंपनीने घेतली. त्यांच्याच एफएक्सलॅब्सने 2008 सालच्या ‘गजनी’ चित्रपटावर संगणकासाठी त्रिमितीय खेळ केला. खेळ हैदराबादेत घडला खरा, पण नायक चित्रपटाकडून उसना होता.

पुढच्या पिढीची वाट ठरलेली आहे: टेस्टर, टेस्टरांच्या चमूचा लीड, मग वेळ, माणसे आणि पैसा यांचा मेळ घालणारा प्रोड्यूसर आणि शेवटी स्टुडिओप्रमुख. या शेवटच्या पायरीवरचा बराचसा दिवस रात्री सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी गेम कंपनीच्या मुख्यालयात, म्हणजे कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटीत, सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हैदराबादेत, ऋतूनुसार, रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा हे तिकडे ठरते, आणि ठरलेले इकडच्या माणसांना समजावून सांगणे हेच प्रमुखाचे काम होऊन बसते. हैदराबादेत स्टुडिओ असलेली ग्लू मोबाइल ही गेम कंपनी 2021 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या पोटात गेली, तो सौदाही या शहरात ठरला नव्हता. पुणे-मुंबईचा अनुभव वेगळा नाही: युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या तेथील स्टुडिओंकडे असलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचा प्रकल्प 2022 साली कंपनीच्या माँट्रियलमधील स्टुडिओकडे नेण्यात आला. अशा व्यवस्थेत सोळा मिलिसेकंदांचा हिशेब येथे होतो, खेळाच्या आयुष्याचा मात्र होत नाही, आणि म्हणून ‘प्रमुख’ हे पद नावापुरते मोठे वाटते.

याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 2020 साली ‘राजी’ हा खेळ आणला. त्यातील नायिका आणि तिची कथा या चमूनेच रचलेली होती.

हैदराबादेतील रायदुर्ग येथे अ‍ॅनिमेशन व गेमिंगसाठी योजलेल्या ‘इमेज टॉवर’ची कोनशिला 2017 साली बसवण्यात आली. असे स्वतःचे खेळ या शहरातही घडायचे असतील, तर तेथे जागा वाटताना तेलंगण सरकारने किती नोकऱ्या देणार, एवढेच न विचारता, तयार होणाऱ्या खेळांची मालकी कोणाकडे राहणार, हेही प्रत्येक कंपनीकडून लेखी घ्यावे.